वजीराच्या बहिणीचं लुगडं

मी मोटेवर होतो, हळदीला पाणी चाललं होतं. महबूब पिंजारी सायकल ढकलत बांधावरून आला, टोपी काढली अन् म्हणाला, "भाऊ, तुमचा मेहुणा गेला. हिंगोलीत, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या." मी बैल थांबवले नाहीत. खरं सांगतो, थांबवावेसे वाटलेच नाहीत. दोन वाफे भिजवून झाले, मग हातपाय धुतले अन् त्यांच्या आईला, मायला, सांगायला गावात गेलो. वजीर असो की भिकारी, आईचा तो पोरगाच.

त्याला आता सव्वा महिना झाला. तेवढ्यात माझ्या या मेहुण्यावर, आबारावांवर, छापून किती आलं! 'गोरगरिबांची लाज राखणारा मंत्री' असं एकानं लिहिलं. ते वाचून मी हा कागद पुढं ओढला. माझं शिक्षण दोन इयत्ता, त्याही उर्दू मास्तरच्या छडीखाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यानं बघून घ्यावं. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. जिता होता तेव्हा बोललो तर कोणी ऐकलं नाही. मग बोलायचं तरी कधी?

माझी बायको चंद्रभागा त्यांची सख्खी बहीण नव्हे. प्लेगात तिचे आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा आबारावांच्या आईनं तिला उचलून घरी आणलं, एका ताटात दोघांना जेवू घातलं. त्या आईला सारं कुरुंदा गाव माय म्हणतं. लग्न होऊन चंद्रभागा माझ्याकडं आली, म्हणजे दोन गल्ल्या ओलांडून आली. तिचं माहेर ते घर, अन् भाऊ म्हणजे आबाराव. आबाराव तेव्हा हिंगोलीच्या कोर्टात वकिली करायचे. भाऊबीजेला न चुकता यायचे, जोडे बाहेर काढून चुलीपाशी बसायचे. "दाजी, चंद्रीच्या हातची भाकर खाल्ली की मला केस सुचती," म्हणायचे. तो माणूस मला आवडायचा. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

मग सत्याग्रह आला. आबारावांनी नाव दिलं, गावानं हार घातले, वेशीवर पोलिसांनी धरलं. अकराव्या दिवशी माणूस घरी! पाठ दुखते म्हणून सोडलं म्हणे. चंद्रभागेनं हळदतेल लावून आठ दिवस ती पाठ शेकली. माफीचा कागद लिहून दिला होता, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तोवर ते हैदराबादेत कुठल्या कुठल्या कमिट्यांवर बसायला लागले होते. सरकारला तरी दुसरं काय पाहिजे असतं? वाकणारी पाठ. ती यांच्याकडं होती, अन् ती शेकून नरम कुणी केली, तर माझ्याच बायकोनं.

वजीर झाल्यावर पहिल्या भाऊबीजेला मोटार आली. शेरवानी, डोक्याला दरबारी पगडी, कमरेला चकचकीत पट्टा. चंद्रभागा सकाळपासून सारवत होती. आबाराव खाली उतरलेच नाहीत. मोटारीच्या खिडकीतून कपाळ बाहेर काढलं, म्हणाले, "ओवाळ चंद्री, झटपट." ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं. त्या धुराळ्यात निरांजन दोनदा विझलं. तिसऱ्यांदा न पेटवताच तिनं ताट फिरवलं. मोटार गेली तरी ती ताट धरून उभीच...

"घरात या म्हणायचं न्हाई का?" मी विचारलं.

"सरकारचा माणूस हाय. घाईत असतो. तुमाला न्हाई कळायचं."

नाही कळलं मला. मरेपर्यंत तिला कळत राहिलं, मला नाही.

लढाईच्या सालांत कापडावर कंट्रोल आला, अन् कापडाचं खातं आलं आमच्या आबारावांकडं. कार्डावर शिक्का पडल्याबिगर हातभर चिंधी मिळायची नाही. माझ्या घरात चंद्रभागेत अन् भावजयीत मिळून एक धड लुगडं होतं. एक पाण्याला गेली की दुसरी दाराआड. गावातल्या बायांचं हेच चाललेलं, म्हणून पाच माणसांनी मला हैदराबादेला पिटाळलं. वजीराचा दाजी ना मी! दोन दिवस बाकावर बसवलं. तिसऱ्या दिवशी आत घेतलं. खिडक्यांना पडदे होते, जमिनीला टेकणारे. एका पडद्यात दोन बाया झाकल्या असत्या.

"दाजी, कायदा सगळ्यांना सारखा. बहिणीसाठी मोडला तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणत्यात ते सांगायलाच आलो. तुमची बहीण दाराआड उभी हाय."

"धीर धरा," म्हणाले अन् चहा मागवला. तो चहा मी प्यालो, याची लाज मला अजून वाटते.

पुढं राज्य डगमगायला लागलं, तसं यांनी मंत्रीपद सोडलं. अंतरात्म्याची हाक आली, असं पत्रात छापलं होतं. लोकांनी पुन्हा हार घातले. पंधरा दिवसांत हिंगोलीला अन् वसमतला दुकानं उघडली, सगळ्या मुलखाच्या कंट्रोलच्या कापडाची एजन्सी! ज्यानं कुलूप ठोकलं, त्यानंच आता किल्ली कनवटीला लावली. अन् तरी चंद्रभागा शेजारणींना सांगायची, "दादानं धंदा काढला, आता गावाला कापडाची तकलीफ न्हाई."

गेल्या पौषात ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी पहाटे संपली. सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, भावानं आणलेलं. सासरच्या कापडात तिला उचलत नाहीत. महबूब तांबडं फुटताना सायकलवर हिंगोलीला निघाला. दुपार झाली. बाया कुजबुजायला लागल्या. मी मायला म्हणालो, "तुमीच घाला काहीतरी अंगावर." माय उशाशी बसली होती. म्हणाली, "न्हाई जावईबापू. भाऊ हाय तिला. येऊन राहिला असंल."

उन्हं कलली तेव्हा महबूब आला. हात मोकळे. खिशातून चिठ्ठी काढून दिली. आबाराव मिटिंगमध्ये होते, तिथूनच लिहिली. मी अक्षर लावून वाचली. वसमतच्या मुनीमाला हुकूम होता, 'एक हिरवं लुगडं, नऊवारी, द्यावे. मयताचे कार्ड पाहून नोंद करावी.'

महबूब म्हणाला, "मैं बोला साब को, गठ्ठे भरे पडे हैं, एक लुगडं हातात देव. बोले, वसमत तुमको नजदीक पडेगा."

"काय धाडलं?" मायनं विचारलं. तिला वाचता येत नाही.

"चिठ्ठी."

"अन् लुगडं?"

"चिठ्ठीतच हाय, माय."

माय उठली, काठी घेतली, दोन गल्ल्या चालत घरी गेली अन् परत आली. नवरा जिता असताना नेसायची ते तिचं हिरवं लुगडं, घडीवर फाटत चाललेलं. तिनं ते स्वतःच्या हातानं चंद्रभागेला नेसवलं, निऱ्या नीट केल्या. म्हणाली, "उचला आता. माझ्या पोरीला भाऊ न्हवता."

पाचव्या दिवशी मोटार आली. आबाराव या खेपेला खाली उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दाजी, चिठ्ठी वठली ना?" मी हात झटकला. माय आतून बाहेर आली नाही. आमची ही शेवटची भेट. ज्यांना त्यांची अमृतवाणी ऐकायची असेल, त्यांनी भाषणांची पुस्तकं वाचावीत. मला हे एवढंच वाक्य पाठ आहे.

आता तेच गेले. पोर गेलेल्या आईला दुखवट्याचं कापड सोयऱ्यांनी न्यायचं असतं. न्यावं तर हिंगोली-वसमतच्या कापडाच्या प्रत्येक ठाणावर त्यांच्याच दुकानाचा शिक्का. मी कनेरगावचा नाका ओलांडून वऱ्हाडात गेलो, वाशीमच्या बाजारात एक जाडंभरडं लुगडं घेतलं. परत येताना नाक्यावरच्या शिपायानं गाठोडं सोडायला लावलं.

"इतक्या लांबून काहून आणलं? हिंगोलीत मिळत न्हाई?"

"मिळतं."

"मग? बायकोला का?"

"बायको न्हाई मला. सासूला हाय. तिचं लेकरू गेलं."

त्यानं लुगडं स्वतःच घडी घालून परत दिलं.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणारी ती बाई. पण तेराव्यानंतर तेच लुगडं नेसून, काठी टेकत माझ्या ओट्यावर येऊन बसली अन् राहिली. आबारावांचा मुलगा दर बाजाराला मोटार धाडतो. "आजीला न्यायला सांगितलंय," ड्रायव्हर म्हणतो. माय जोंधळे निवडत असते, मान वर करत नाही.

"त्याला सांग," म्हणते, "मी लेकीकडं आली हाय."