निळ्या फडक्यातली भेट

उज्जैनला देवास गेटाजवळ, एका फोटो स्टुडिओच्या माडीवर गोपाळकृष्ण दिघ्यांचं जपान केंद्र होतं. बँकेच्या नोकरीत मुंबईला असताना ते जपानी शिकले आणि रिटायर झाल्यावर त्या वेडापायी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शनिवारी व्हीसीआरवर जपानी सिनेमा, रविवारी फुलांची मांडणी, रोज संध्याकाळी भाषा. पीथमपूरच्या कारखान्यांत जपानी साहेब येऊ लागले तशी पोरं वाढली, पण नोकरी लागली की ती पाठ फिरवत. सहा वर्षं टिकली ती एकटी प्रतिभा, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी. तिला जपानला शिकायला जायचं होतं, आणि तिला तिथे पोचवायचंच, हा दिघेकाकांचा हट्ट होता.

रीतीभातीत काका महाकट्टर. भेटवस्तू पाहुण्यासमोर उघडायची नाही, हा त्यांचा पहिल्याच दिवशीचा धडा.

सत्याण्णवच्या मे महिन्यात ओसाकाहून मोरी नावाच्या प्राध्यापक बाई आल्या. प्रतिभाशी तासभर बोलल्या, राम घाट पाहिला, आणि निघताना निळ्या फडक्यात बांधलेली पेटी काकांना दोन्ही हातांनी दिली. काका कमरेत वाकले. पेटी उघडली नाही. इथवर सगळं जपानी रीतीने झालं. पुढे मात्र त्यांच्यातला समारंभवाला मराठी माणूस जागा झाला. एवढी मोलाची वस्तू गुपचूप कशी उघडायची? दसऱ्याला केंद्राचा वाढदिवस. अध्यक्ष बोलवू, शाल-श्रीफळ करू, टाळ्यांच्या गजरात उघडू! पेटी काचेच्या कपाटात विराजमान झाली.

"अहो, मिठाई असली तर सडेल ना," त्यांची बायको शोभा म्हणाली.

"जपानी मिठाई सडत नाही," काकांनी ठणकावलं.

दसऱ्याला पेटी उघडली. आत चहाचा सुरेख वाडगा आणि एक जाड पाकीट. काकांनी पत्र प्रतिभाच्या हाती दिलं. "वाच, आणि सगळ्यांना मराठीत सांग."

ती वाचता वाचता थबकली. मग घसा खाकरून म्हणाली, "बाईंनी केंद्राला शुभेच्छा दिल्यात. काकांचे आभार मानलेत." टाळ्या पडल्या.

पत्र फ्रेम करून खाली मराठी अर्थ लावावा म्हणून काका तिसऱ्या दिवशी कोश घेऊन बसले. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: प्रतिभाची दोन वर्षांची फी आणि राहण्याची सोय आमच्या कॉलेजात झाली आहे, सोबतचा फॉर्म एकतीस जुलैपर्यंत पाठवावा. फॉर्म पाकिटातच होता, कोरा करकरीत.

ते तसेच तिच्या घरी गेले. पावसाळा सरला तरी जपानहून काहीच आलं नाही, म्हणून वडिलांनी ग्वाल्हेरचं स्थळ पक्कं केलं होतं. तिथे पत्रिकांवर हळदकुंकू लावणं चालू होतं.

"तू बोलली का नाहीस, बेटा?"

"स्टेजवर कशी बोलणार, काका? सब लोग बैठे थे. तुमची इज्जत..."

"माझ्या इज्जतीला काय जाळायचंय?" म्हणताना काकांचा आवाज फाटला. तिने त्यांना पाणी आणून दिलं. त्या पाण्याची त्यांना जन्मभर लाज वाटली.

त्यांनी ओसाकाला माफीचं पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: तुमच्याकडून काहीच न आल्याने आम्ही नकार समजलो, जागा दुसरीला दिली.

केंद्र पुढेही चाललं. पहिल्या दिवशीचा धडाही तोच राहिला, भेट पाहुण्यासमोर उघडायची नाही. फक्त त्यापुढे काका एक वाक्य बोलू लागले, जे कुठल्याच जपानी पुस्तकात नव्हतं: "पण पाहुणा जिना उतरला, की त्याच मिनिटाला उघडायची."