भिंगअण्णांना न दिसलेली जागा

भिंगअण्णांच्या टेबलासमोर कुणी कितीही वेळ उभं राहिलं, तरी त्यांना ते दिसत नसे. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आणि पायांवर उभ्या केलेल्या जोडभिंगातून ते एकदम बघायचे, हे त्यांचं काम. तसं बघितलं की सपाट कागदातून टेकड्या वर येत, ओढे खाली जात. अण्णा मनानं तिथंच असत. इकडे चहा निवून जाई.

गुलबर्ग्याच्या त्या ऑफिसात मी नकाशे गिरवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी बोलावलं. "अक्का, ये, तुझं दुबलगुंडी बघ." मी डोळे लावले आणि आमची विहीर खोल जाताना बघून टेबल घट्ट धरलं. ते खूश झाले. शिपायाला, चहावाल्याला, सगळ्यांना ते आपापलं गाव दाखवत. वरून बघितलं की कुणाचं भांडण दिसत नाही, असं म्हणत. कुठं पीक, कुठं वस्ती, कुठं पडीक, हे ते फोटोवरून ठरवत आणि आम्ही गिरवत असू.

एका उन्हाळ्यात मन्नाएखेळ्ळीकडच्या एका बौद्ध वस्तीतून शेवंताबाई आली. सोबत दोघं होते. सडकेला मुरूम हवा म्हणून वस्तीमागची जागा खणायला घेतली होती, आणि त्यांची माणसं तिथंच पुरलेली. तालुक्याला विचारलं तर नकाशात ती पडीक आहे, असं सांगून परत पाठवलं होतं.

फोटोत नाही ते नकाशात कसं येणार, असं म्हणून आमचे साहेब आत गेले. अण्णांनी मात्र त्या भागाचे फोटो कपाटातून बाहेर काढले, तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, सडक दाखवली, ओढा दाखवला. पुढचं तिनंच शोधलं.

"ह्या लिंबाखाली माझी लेक हाय," ती म्हणाली. "तुमाला मोकळं रान दिसलं व्हय?"

अण्णांनी भिंग बाजूला सरकवलं.

"फोटोचा दोष न्हाई, बाई. जाऊन बघायचं काम माझं होतं. मी गेलो न्हाई."

संध्याकाळपर्यंत फोनाफोनी करून त्यांनी खणणं थांबवलं, चूक आपली असं वर कळवलं, आणि सकाळी मला घेऊन वस्तीवर गेले. अर्धी जागा गेली होती. लिंब मुळासकट आडवा पडला होता. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवंताबाईनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. अण्णा तांब्या दोन्ही हातांत धरून बसले. त्यांची मान वर होईना, माझीही होईना.

त्यांची बढती अडली, ती अडलीच. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पुढं उपग्रहाची चित्रं आली, त्यांत हिरवी पिकं तांबडी दिसत. ऑफिसातली नवी पोरं हरखून गेली. अण्णा तेवढ्यात पिशवी उचलून एसटीनं कुठल्यातरी गावाला निघालेले असत. गावात गेले की माती कुठं देता, हे आधी विचारत. लोक चमकत.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं. इतक्या वर्षांत एक चूक नाही, म्हणाले. ते साहेब नवे होते. अण्णा उठले आणि त्यांनी शेवंताबाईची सगळी हकिकत बायकोसमोर, सुनेसमोर सांगितली. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही. मग खाली बघत बाहेर गेले.

साहेब हार हातात धरून तसेच उभे राहिले. अण्णांच्या बायकोनं पुढं होऊन तो हार घेतला, पिशवीत ठेवला, आणि ती त्यांच्या मागे गेली.