खोली सांगणारी लाल टिकली

अशी कल्पना करा, की शिडाच्या छोट्या बोटीत तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात आणि पुढ्यात एक जुना खोलीमापक आहे. त्याचे तीन स्क्रू निघाले आहेत. चौथा मिठाने असा जाम बसलाय की हलायचं नाव घेत नाही. जोर लावावा तर त्याचं डोकं झिजणार, न लावावा तर आत काय बिघडलंय ते कळणार नाही. आणि मागे उभा राहून भाऊ सारखा विचारतोय, "झालं का?"

धाकटीची अवस्था नेमकी अशीच झाली होती. पन्नाशी उलटली तरी धक्क्यावर सगळे तिला धाकटीच म्हणतात, कारण थोरले म्हणजे तिचे बाबा. बोटींवरची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान त्यांनी थाटलं, त्यांच्यामागे हिने चालवलं.

हा खोलीमापकही बाबांनीच दादाच्या बोटीवर बसवलेला. काळी तबकडी, तिच्यावर गरागरा फिरणारा लाल दिवा. खाली पाणी जितकं खोल, त्या आकड्यावर दिवा टिकलीसारखा चमकतो. ऊन, खारा वारा, दादाने सांडलेला चहा, सगळं पचवून तो इतकी वर्षं चालला. बिघडला नाही, म्हणून धाकटीने तो कधी उघडलाच नव्हता. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, असा बाबांचा दंडकच होता.

या आठवड्यात मात्र टिकलीला वेड लागलं. तबकडीभर वाटेल तिथे लुकलुकायला लागली.

"उद्या सकाळी निघायचंय," दादा म्हणाला. "दुपारपर्यंत जमलं तर बघ, नाहीतर हा काढ आणि नवा स्क्रीन बसव."

"आणि याचं काय?"

"भंगारात. म्हातारा झाला तो."

"म्हातारा तर तूही झालायस. तुला कुठे टाकलं आम्ही?"

विनोद केला खरा, पण नवा स्क्रीन बसवायचं तिच्या मनात नव्हतं. दुकानातल्या फळीवर मेलेल्या नव्या स्क्रीनची रांग होती. गोंदाने चिकटवलेले, उघडायला गेलं की फुटणारे. हा निदान उघडता तरी येत होता.

तिने सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूवर टेकवलं, तो निवू दिला आणि हलकेच फिरवला. निघाला! आत हिरवा गंज असणार, असंच तिने धरलं होतं. पण आतलं सगळं काल बसवल्यासारखं लख्ख. त्यावर मधाच्या रंगाचा पातळ, पारदर्शक थर. मीटर लावून एकेक जागा तपासली. कुठे म्हणून दोष नाही.

"हा ठणठणीत आहे," ती पुटपुटली. "मग ताप आलाय कुणाला?"

वायरचा माग काढत ती तळाशी पोचली. तिथे बोटीच्या फायबरच्या तळावर आतून चिकटवलेल्या एका वाटीत सेन्सर उभा होता, आणि वाटी कोरडी, आरशासारखी स्वच्छ.

दादाची बायको पलीकडे ओल्या फडक्याने बाकं पुसत होती. "वहिनी, ही वाटी कुणी पुसली?"

"मी!" वहिनी अभिमानाने म्हणाली. "तळ घासायला घेतला ना, तेव्हा. काय चिकट तेल साचलं होतं गं! अर्धी साबणवडी संपली."

धाकटी खो खो हसत सुटली. ते तेल बाबांनी मुद्दाम भरलेलं. सेन्सरचा आवाज तेलातून बोटीच्या तळापर्यंत, तिथून पाण्यात जातो आणि समुद्राच्या तळावर आपटून परततो, त्यावरून खोली कळते. मध्ये हवा आली की तिथेच अडतो. दुकानातून एरंडेलाची बाटली आणून तिने वाटी भरली, बुडबुडे काढले आणि बटण दाबलं. टिकली एका आकड्यावर येऊन गुपचूप बसली. दादाने वजन बांधलेली दोरी सोडून पाहिली. आकडा तोच.

"एरंडेल पाजल्यावर मोकळं होणारच," दादा गंभीरपणे म्हणाला. वहिनीने त्याला ओलं फडकं फेकून मारलं.

"मग भंगाराचं काय ठरलं?" धाकटीने विचारलं.

"राहू दे. नवा याच्या शेजारी बसव. तो थापा मारायला लागला तर याला विचारता येईल."

झाकण लावता लावता तिचा हात थांबला. तो मधाच्या रंगाचा थर! त्यानेच तर इतकी वर्षं आत गंज चढू दिला नव्हता. स्वतःच्या कामांवर तिने वॉर्निश लावून पाहिलं होतं, ते तडकलं. नेलपॉलिश लावलं, त्याचे पोपडे निघाले.

"दादा, हे बसवताना तू होतास ना?"

"होतास म्हणजे? टॉर्च मीच धरला होता."

"मग बाबांनी आत काय लावलं ते पाहिलंस?"

दादाने डोकं खाजवलं. "मी समोरच्या बोटी बघत होतो गं. 'टॉर्च इकडे धर' म्हणून ओरडा खाल्ला, तेवढा आठवतोय."

धाकटीने नाक जवळ नेऊन वास घेतला. लाखेचा नाही. मेणाचाही नाही. मग बाबांनी लावलं होतं तरी काय?