भरितातला खडा

माझ्या व्याह्यांच्या भरितात खडा नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट उरणार नाही.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मुलगी चोपड्याला दिली आहे. तिच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. हिवाळ्यात नानांच्या मळ्यात भरीत पार्टी असायची. कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, आणि वांग्यांजवळ फक्त नाना. सोलायची त्यांनी, बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, दांड्यानं ठेचायची त्यांनी. दुसऱ्या कुणी दांड्याला हात लावला की म्हणत, ‘‘तुम्ही खायचं बघा.’’

अशाच एका पार्टीत माझ्या दाताखाली कट्‌कन काहीतरी आलं. मी ते अंधारात थुंकलो आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘नाना, भरितात खडा!’’

पंगत थांबली. नानांनी हातातली परात खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी माझा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला, तेव्हा तर पुरावाच मिळाला. मी निघालो तेव्हा नाना मी थुंकलो होतो त्या जागी उकिडवे बसून माती चिवडत होते.

सूज गोळ्यांनी उतरली. खडा मात्र गावभर फिरला. ‘‘नाना व्याह्याला दगड खाऊ घालतात,’’ असं लोक त्यांना पारावर चिडवू लागले. पुढच्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला, ‘‘बाबा, सासऱ्यांनी यंदा पार्टीची वांगी घरात गॅसवर भाजली. आणि भरीत पिठाच्या चाळणीतून काढलं. खाताना वाटतं, बाळाचं जेवण आपणच खातोय.’’

खानदेशात गॅसवरचं भरीत हे आजाऱ्याचं अन्न. माणूस किती दुखावला होता ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘स्वच्छता चांगलीच.’’

मग ओठ पुन्हा सुजला. या वेळी भरीत नव्हतं, साधा वरणभात होता. बायकोनं मला गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. पुढच्या दाताच्या मुळाशी सुपारीएवढा काळा गोल दिसत होता.

‘‘ही गाठ आहे,’’ त्या म्हणाल्या.

मला घाम फुटला. त्यांनी मला पाणी दिलं आणि मग समजावलं. दाताला जोराचा मार लागला की कधीकधी तो आतून मरतो. वरून उभाच असतो, फक्त काळपट पडतो. मग मुळाच्या टोकाशी पाण्याची पिशवी धरते. ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगते, आजूबाजूचं हाड खाते, आणि दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. तिच्यात जंतू शिरले की सूज.

‘‘मेलेला दात ठिसूळ होतो. हा बघा, कोपरा तुटलाय. काही खाताना कट्‌कन वाजलं होतं का?’’

मी छताकडे बघितलं.

‘‘पूर्वी कधी मार लागला होता?’’

‘‘छे.’’

‘‘छे काय!’’ मागून बायको म्हणाली. ‘‘लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या माहेरी जावईबापूंनी एका हातानं भरीत ठेचून दाखवलं होतं. दांडा उसळला तो थेट तोंडावर. माझ्या बहिणी अजून हसतात.’’

डॉक्टरीणबाई खाली बघून काहीतरी लिहू लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

दात वाचला. आधी त्याचं रूट कॅनल केलं. मग जागा बधिर करून हिरडी उघडली, पिशवी अख्खी सोलून काढली, टाके घातले. पिशवी तपासायला पाठवली होती. त्यात वाईट काही निघालं नाही. हाड आपोआप भरून येईल, पण मधूनमधून एक्स-रे काढत राहा, असं बाईंनी बजावलं. दुखलं म्हणाल तर बधिर करायच्या सुईपुरतंच. खरं दुखणं रिक्षात सुरू झालं.

‘‘आता नानांना फोन करा,’’ बायको म्हणाली.

‘‘टाके निघू देत.’’

टाके निघाले. मग म्हणालो, हाड भरू दे. हाडही भरत आलं. एक्स-रेतला काळा गोल दर खेपेला फिका होत गेला आणि माझी कारणं संपत गेली. तेवढ्यात मुलीनं सांगितलं, यंदा नाना पार्टीच करणार नाहीत. बडगी माळ्यावर टाकली.

मी एक्स-रेचं पाकीट घेतलं आणि बायकोला घेऊन चोपड्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, एक्स-रे दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

‘‘हे मला काय सांगता, आबा? खडा नव्हता हे मला माहीतच होतं. वांगं माझ्या हातचं होतं. तुम्ही ओरडला होता पंगतीत. सांगायचं तर पंगतीत सांगा.’’

त्याच आठवड्यात बडगी खाली आली. मळ्यात काड्यांचा जाळ पेटला, जुनी मंडळी जमली. जेवणाआधी मी उभा राहिलो आणि एक्स-रे पंगतीतून फिरवला. सगळ्यांनी तो बॅटरी लावून पाहिला. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, ‘‘म्हंजे आबा, आम्हीन बठ्ठासनी गॅसनं भरीत खादं ते तुमना दातमुये?’’

सगळ्यांनी गॅसवरचं भरीत खाल्लं ते माझ्याच दातामुळे, म्हणून मी मान डोलावली. हसण्याचा असा गडगडाट झाला की कुत्री भुंकायला लागली. फक्त नाना हसले नाहीत. ते परात घेऊन वाढत निघाले. धुराचा वास, हिरव्या मिरचीचा ठसका, मधूनच जळक्या सालीचा काळा कण, असं ते भरीत माझ्या बायकोच्या ताटात पडलं. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी परात मागे ठेवली आणि एक झाकलेली वाटी पुढे केली.

‘‘तुमच्यासाठी वेगळं. गॅसवर भाजलंय. दोनदा चाळलंय.’’

मी शेजारी पाहिलं. बायकोनं तिचं ताट हळूच पलीकडे सरकवलं.

मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. नाना समोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

‘‘काही लागलं का दाताला?’’

‘‘नाही, नाना.’’

‘‘मग मोठ्यानं सांगा.’’

मी मोठ्यानं सांगितलं. मग त्यांनी परात उचलली आणि माझं ताट पुढे ओढलं.