नाक्यावरची नवी घागर

वाशीमहून गोरेगावला येताना निजाम सरकारचा करोडगिरीचा नाका लागायचा. इंग्रजी मुलखातून आलेला नवा माल दिसला, की जकात! वापरलेल्या वस्तूला माफी. तिथं तासन्‌तास थांबावं लागायचं, आणि थांबलेली माणसं गप्प बसत नाहीत. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याचा तयार!

*

पहिला किस्सा माझ्यावरच झाला. नागपूरहून कायदा शिकून परतत होतो. नाक्याच्या मुन्शीजींनी ट्रंक उघडली.

"माझी जुनी पुस्तकं आहेत," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी एक जाडजूड ग्रंथ उचलला. पानं एकमेकांना चिकटलेली!

"जुनी? ही तर तुमी अजून वाचलीच न्हाईत!"

*

म्हणून आमच्याकडे सगळं 'जुनं करून' आणायची रीत. लुगडं एकदा धुऊन. जोडा चिखलातून चालवून. भांडी चुलीवर काळी करून. मग गावातले कासीमचाचा ती घासून, कलई करून द्यायचे.

"नाका हाय म्हणून माझी चूल पेटून राहिली!" ते हसायचे.

*

त्या दिवसांत दिल्लीत घटना लिहिली जात होती. देशभर व्यापार मोकळा, त्याला आवर घालायचा तर पार्लमेंटनंच, असं कलम त्यात येणार होतं! नाक्यावर मी पेपर वाचून दाखवायचो तेव्हा माझा आवाज चढायचा. हैदराबाद त्या देशात अजून नव्हतंच. तरी चढायचा.

तांड्यावरच्या धनू नाईकांच्या आजोबांचे बैल पार समुद्रापासून मीठ आणायचे. नाईकांनी विचारलं, "ते कलम लिहून झालं काय?"

"लिहून राहिलेत."

"बरं. मुन्शीजी, तवर जरा बाजूला सरकता काय?"

सगळे हसले. नाईक मात्र रस्त्याकडे बघत राहिले.

*

चाचांच्या झुबेदाचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "अब्बा, एक तरी घागर नवी आना. पहिलं पानी मीच भरनार."

चाचांनी मला गाठलं. "वकीलसाहेब, तुमचं कलम इथवर कधी येईल?"

"लवकरच!"

मला खरंच तसं वाटत होतं. चाचा कलमाची वाट बघत थांबले. उन्हाळा आला, लग्न चार दिवसांवर आलं, कलम काही आलं नाही.

*

शेवटी चाचा वाशीमला गेले. मीही सोबत होतो. परतताना नाक्यावर उन्हात ती तांब्याची घागर अशी झळकत होती, की रांगेतली माणसं बघायला उठली.

झुबेदा मुन्शीजींच्या डोळ्यांदेखत वाढलेली. ते हळूच म्हणाले, "चाचा, समोर विहीर हाय. एकडाव भरा अन् ओता. वापरलेली झाली. मी जुनी लिहितो, तुमी जावा."

"भरा, चाचा," मीही म्हणालो.

चाचांनी घागर छातीशी धरली. माझ्या तांब्यातलं पाणी मागून प्यायले. तोंड पुसलं.

"न्हाई, मुन्शीजी. नवी लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."