रुखवतातले पापड

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी आई मला सोडायला आली नाही. रामाकोन्याचं बसस्टँड आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. बाबा माझी बॅग घेऊन नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभे, आणि आई मात्र शेजारच्या शांताकाकूंच्या अंगणात कुरडया घालत होती. घरातून निघतानाच म्हणाली होती, "आज शांताची सावड हाय. म्या नाही गेली तं तुह्या लग्नात कोन येईन वं?"

सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे राबायचं, उद्या तू माझ्याकडे. उन्हाळा लागला की आमच्या आळीतल्या बाया घरोघरी फिरून पापड, शेवया, कुरडया करायच्या. जिच्या मुलीचं लग्न, तिच्या घरी आधी. आईनं माझ्या आठवणीत एकही घर चुकवलं नाही. अंगात ताप असतानाही ती लाटणं घेऊन गेलेली मी पाहिली आहे. हे सगळं ती माझ्या लग्नासाठी साठवत होती, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! पुण्याच्या हॉस्टेलवर मुलींना सांगायचे, आमच्याकडे माणसं अशी असतात.

माझं लग्न ठरलं तोवर सौंसरकडे पापडाचा एक कारखाना निघाला होता. सकाळी गाडी यायची आणि आळीतल्या बाया रोजीनं कामाला जायच्या. आईनं उडदाचं पीठ भिजवलं, अंगणात खाटा टाकल्या, नवी सतरंजी अंथरली. कोणी आलं नाही. शांताकाकू गाडीत चढता चढता म्हणाल्या, "खाडा पडते वं, काय करू!" त्या पिठाचं काय झालं ते आईनं मला कधी सांगितलं नाही.

शेवटी पाकिटं आणली. रुखवतात मांडण्याआधी आईनं ती फोडून, कागद चुलीत घालून, पापड पितळी ताटांत रचले. वरपक्षाच्या बाया कौतुक करत असताना शांताकाकूंनी एक पापड उचलून उजेडाकडे धरला. "हे तं आमच्याच हातचे हाय!" म्हणाल्या, आणि खूश होऊन हसल्या. आईनं मान खाली घातली. मला इतका राग आला होता की पाया पडताना मी त्यांना वगळलं.

तो राग मी अजून सोडलेला नाही. आम्ही जिला माया समजलो ती नुसती हाती रोकड नसल्याची सोय होती का? असेल, तर आईला तसं कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मागच्या महिन्यात फोन केला तर पलीकडून यंत्राची घरघर. आई कारखान्यात होती, शांताकाकूंच्या शेजारीच बसून पापड मोजत होती! आवाज तर एकदम ताजातवाना. मी म्हटलं, आई, त्यांनी तुझं काय केलं ते विसरलीस? "आता कोनाची वाट पाहा लागत नाही बाई," ती म्हणाली. "पैशे नोको धाडत जाऊ. बरं, येशीन तं रविवारी ये. बाकी दिवस म्या घरी नसतो."

मला मोठ्यानं रडावंसं वाटलं. तिच्यासाठी मी इतकी वर्षं रुसले, आणि तीच त्यांच्यात जाऊन बसली. आता रजेचा अर्ज करण्याआधी मी कॅलेंडरात आईचा रविवार बघते. माझ्या माहेरालाही साप्ताहिक सुट्टी लागली आहे.