नानांनी पाणी का सोडलं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. झोपेतच गेले, त्यांची मुलगी सांगत होती. गाडी तिथंच टाकून पळत सुटावंसं वाटलं... महिना उलटला, तरी मला एका जागी बसवत नाही.

नाना मूळचे मखमलाबादचे, घरचा भाजीपाल्याचा मळा. नौदलात पाणबुडे झाले, नव्वदच्या दशकात परतले आणि धरणांच्या दारांची पाण्याखालची कामं घेऊ लागले. ते उतरायचे, मी वर दोर धरायचा. उतरण्याआधीची तपासणी म्हणजे त्यांची पूजाच. हवेच्या टाकीची चावी पूर्ण उघडी हवी. मग नळीतून तीन श्वास घ्यायचे, डोळे हवेच्या दाबाच्या मीटरवर. काटा लटपटला तर चावी अर्धवट आहे समजायचं. वर चालून जातं, खोल गेल्यावर हवा पुरत नाही. मी कुरकुरलो की म्हणायचे, "तुझी घाई पाण्याला सांगून बघ."

शेवटच्या कामाच्या दिवशी तपासणी झाली होती. नाना काठावर बसले आणि मला उगाच शंका आली, चावी पूर्ण उघडलीये ना? त्यांना थांबवून सगळं पुन्हा करायला हवं होतं. पण ऊन चढलेलं, धरणावरचे साहेब घड्याळ बघत होते. मी मागून नुसती चावी फिरवली, आणि तीही उलटी... थोड्याच वेळात दोराला हिसके बसले. ओढून काढले तेव्हा ओठ निळे पडले होते. धाप ओसरल्यावर त्यांनी चावी चाचपली आणि म्हणाले, "मीच काटा नीट बघितला नाही. वय झालं रे माझं."

मी मूग गिळून गप्प बसलो.

त्यानंतर नाना पाण्यात उतरले नाहीत. पन्नाशीचा धडधाकट माणूस मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसला. आज सांगू, उद्या सांगू करत मी सात वर्षं काढली. भेकडपणा, दुसरं काय!

दहाव्यानंतर नानांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "माणूस घरी राहिला, मला बरंच झालं. पण ते सारखे स्वतःलाच बोल लावायचे. त्यांना सांगायचं होतंस रे."

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आता मी दुसऱ्यांना उतरवतो. जरा शंका आली की सगळं पहिल्यापासून तपासायला लावतो. माणसं वैतागतात, वैतागू देत. पण जे तोंडावर बोलायला हवं होतं ते आज चारचौघांत लिहितोय. नाना, काटा तुम्ही नीटच बघितला होता.